फवारणीची फटफटी

जळबा कंडक्टर निवृत्त झाला तेव्हा डेपोत त्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला यापुढं कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ कशाला, असं त्याच्या मनात आलं. शालही भर मे महिन्यातच मिळाली होती.

हिंगोली-सेनगाव, हिंगोली-रिसोड, हिंगोली-नांदेड करत त्यानं सगळी नोकरी चाकावर काढली, पण त्यातलं एकही चाक त्याच्या हुकमानं फिरलं नव्हतं. गाडी चालवायचा अमरसिंग ड्रायव्हर. जळबा मागं उभा राहून घंटीची दोरी ओढायचा. ही जोडी इतकी जुनी की डेपोत एकाला हाक मारली तर दुसरा आपसूक उठायचा. अमरसिंग तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "जळबा, तू पाशिंजरच हायेस. फक्त तुला तिकीट लागत न्हाई, एवढाच फरक."

जळबा यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचा, कारण बोलणं खरं होतं. मोटरसायकल शिकायचा त्यानं एकदा प्रयत्न केला होता, मेव्हण्याच्या नव्या गाडीवर. पहिल्याच दिवशी गाडी आणि मेव्हणा दोघं ओढ्यात गेले. जळबा तेवढा काठावर राहिला. तेव्हापासून मेव्हणा दिवाळीला येईना आणि रुक्माबाईनं घरात मोटरसायकलचं नाव काढायला बंदी घातली. जळबानं ती बंदी आनंदानं पाळली. आपल्या भित्रेपणाला बायकोच्या हुकमाचं पांघरूण मिळालं, हे त्याला मनातून कळत होतं.

संक्रांत होऊन गेली आणि एक दिवस अमरसिंगच्या बायकोचा, जिवनबाईचा फोन आला.

"भाऊ, येकडाव येऊन जा. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डाक्टर आपरेशन करा म्हणून राहिले अन् हे हात लावू देईनात. कुण्या बाईचा डोळा आपरेशनात गेला म्हणून कुठंतरी ऐकलं, तेच धरून बसले. नुसतं खोलीत बसून राहातात. दिवाळीपासून अंगणातसुदीक आले न्हाईत."

"त्याला फोन दे."

पलीकडं कुजबूज झाली. मग जिवनबाई ओशाळून म्हणाली, "न्हाई घेऊन राहिले. म्हणतात, जळबा काय येतो, त्याला आणायला ड्रायव्हर लागतो."

जळबा हसला. फोन ठेवल्यावर मात्र त्याला ते लागलं. अमरसिंगचा तांडा सेनगावच्या पलीकडं, माळावर. फाट्यापर्यंत एसटी होती. पुढं लांबच लांब चढाचा कच्चा रस्ता. जीप फक्त बाजाराच्या दिवशी जायची, तीही टपावर माणसं घेऊन. चालत जायचं तर गुडघे तयार नव्हते आणि सायकल मारायची तर गुडघे त्याहून तयार नव्हते.

त्या रात्री जेवताना जळबानं विषय काढला. "रुक्मा, मोटरसायकलला बंदी हाय, बराबर?"

"बराबर."

"सायकलला तं न्हाई?"

रुक्माबाईनं भाकरी थापता थापता मान वर केली. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा असा वळसा घालून बोलला की पुढं काहीतरी फुटतं, हे तिला पाठ होतं.

"मंग सायकलला मोटर बसवली तं ती मोटरसायकल होत न्हाई. ती सायकलमोटर झाली."

"अन् तुमचं हाड मोडलं तं त्याला काय म्हणायचं? मोडहाड?"

पण अमरसिंगचं नाव निघालं तशी ती नरमली. लेकीच्या, ऐश्वर्याच्या जन्माच्या वेळी रुक्माबाई अडली होती आणि त्यांच्या गावात, पुसेगावात, वाहन नव्हतं. अमरसिंगनं तिला घेऊन भरलेली एसटी सरळ दवाखान्याच्या फाटकात नेऊन उभी केली होती. रिसोडचे प्रवासी ओरडत राहिले होते. रुक्माबाईनं ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "त्या माणसासाठी चालले म्हणून बोलत न्हाई. पर घरातला पैसा त्यात घालायचा न्हाई."

घरात पैसा होता कुठं? कंडक्टरच्या पेन्शनीत महिन्याची चहापत्ती आणि रुक्माबाईच्या गोळ्या बसायच्या. तेव्हा जे फुकट मिळेल त्याची गाडी, असं ठरलं.

सायकल घरचीच होती, काळी, उंच, ऐश्वर्याच्या लग्नाआधीपासून भिंतीला टेकलेली. इंजिन मिळालं शेजारच्या धम्मदीपच्या गोठ्यात. धम्मदीपनं सोयाबीनच्या फवारणीला बॅटरीचा पंप घेतला होता. पाठीवर बांधायचा जुना पेट्रोलचा पंप कडब्यामागं पडला होता. तो काढून देताना धम्मदीप म्हणाला, "काका, खुशाल घेऊन जा. अन् चालू झाला तं मला बी सांगा कसा केला ते. माझ्याच्यानं तं कधी झाला न्हाई."

हे ऐकून शहाण्या माणसानं पंप तिथंच ठेवला असता. जळबा तो पोत्यात घालून सेनगावला रिझवानकडं घेऊन गेला.

रिझवानचं सेनगावात वेल्डिंगचं दुकान होतं आणि मागं भंगाराचा ढीग. गेटं, खिडक्या, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे कठडे असली कामं तो करायचा. जळबाचा बेत त्यानं अगदी गंभीरपणे ऐकून घेतला. लहानपणी या कंडक्टरनं त्याला कितीदा तरी अर्ध्या तिकिटावर नेलं होतं, आणि त्यातल्या काही वेळा त्याचं वय पूर्ण तिकिटाचं होतं.

"काका, ब्रेक?"

"सायकलला हायेत की."

"दोन्ही?"

"दोन्ही हायेत. पर अर्धे अर्धे."

रिझवाननं कपाळाला हात लावला, पण काम हातात घेतलं. इंजिन मागच्या कॅरियरवर बसवायचं. त्याच्या फिरत्या दांड्यावर लोखंडी पाइपाचा तुकडा चढवायचा आणि तो मागच्या टायरवर दाबायचा, की पाइप टायरला फिरवणार आणि टायर जळबाला तांड्यावर पोचवणार. पाइप घसरू नये म्हणून रिझवाननं त्याच्यावर वेल्डिंगचे खडबडीत ठिपके काढले. दिसायला ती खोबरं किसायची किसणी झाली. आता इंजिन टायरवर टेकवायला आणि उचलायला काहीतरी दांडा हवा होता. तो भंगारातल्या एका जीपच्या हँडब्रेकनं भागवला. ओढला की कर्रकर्र करत इंजिन खाली, टोकाचं बटण दाबलं की इंजिन वर.

"याचं बटण जरा गंजलंय," रिझवान म्हणाला.

"चालतंय," जळबा म्हणाला. पुढं आयुष्यभर हा शब्द आठवला की तो आपल्याच डोक्यात टपली मारायचा.

शेवटी इंजिन चालू करायची वेळ आली. रिझवाननं त्याच्या हातात एक मूठ दिली. मुठीला दोरी होती. पंपाचं इंजिन दोरी ओढूनच चालू व्हायचं.

जळबा त्या दोरीकडं बघत राहिला. "म्हंजे आयुष्यभर दोरी ओढली, अन् ड्रायव्हर झालो तरी दोरीच?"

रिझवान इतका हसला की त्याला वेल्डिंगचा चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

रविवारी पुसेगावच्या शाळेच्या मैदानावर पहिली चाचणी ठरली. जळबानं कुणाला सांगितलं नव्हतं. धम्मदीपनं मात्र सगळ्यांना सांगितलं होतं. जळबा दोरी ओढत राहिला, इंजिन खोकत राहिलं आणि लोक सल्ले देत राहिले. बऱ्याच वेळानं इंजिननं एकदम अशी डरकाळी फोडली की कुंपणावरचे कावळे उडाले. जळबानं घाईघाईत टांग मारली, दोन पायडल हाणले आणि हँडब्रेक ओढला. कर्र, कर्र, कर्र.

आणि तो निघाला.

पहिला फेरा म्हणजे त्याच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर फेरा होता. वारा कानाशी वाजत होता, पाय मोकळे होते आणि समोर कुणाचीही पाठ नव्हती. लोक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या फेऱ्यात त्यानं थांबायचं ठरवलं आणि बटण दाबलं. बटण दाबलं गेलं नाही. अंगठा पांढरा होईस्तोवर दाबलं, तरी नाही. अर्धे ब्रेक लावले, तर त्यांनी चीं करून अंग काढून घेतलं. इंजिन बंद करायची कळ मागं कॅरियरवर, आणि मागं हात नेला की हँडल डुलायचं. मैदानाला तारेचं कुंपण होतं आणि एकुलतं एक फाटक माणसांनी गच्च भरलेलं. राहिला एकच मार्ग, गोल फिरत राहणं.

लोकांना वाटलं, कंडक्टर खूश झालाय. टाळ्या वाढल्या. एवढ्यात रुक्माबाई त्याला जेवायला बोलवायला आली.

"चला, भाकरी निवून राहिली!"

"येतो..." असं म्हणेपर्यंत जळबा पुढं निघून गेला होता.

पुढच्या फेऱ्याला ती म्हणाली, "पुरं झालं की आता!"

"थांबत... न्हाई..."

"काहून थांबत न्हाई? कोणाला दाखवून राहिले एवढं?"

तिसऱ्यांदा समोरून जाताना तो ओरडला, "मी न्हाई... हीच... थांबून न्हाई राहिली!" रुक्माबाईनं कमरेवर हात ठेवले. मग तिला काय समजायचं ते समजलं. ती तिथंच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून जी हसायला लागली ती थांबेना. जळबा फिरत होता, बायको हसत होती, धम्मदीप व्हिडिओ काढत होता. शेवटी टाकीतलं पेट्रोल संपलं आणि गाडी हळूच, जणू काही झालंच नाही अशी, रुक्माबाईच्या समोर येऊन उभी राहिली.

"टायमाला आली बघ," जळबा म्हणाला.

रिझवाननं बटणाला ग्रीस घातलं, ठोकलं, पुन्हा ग्रीस घातलं, आणि पेट्रोल कमी-जास्त करायची दांडी हँडलवर आणून दिली. मार्च उजाडला होता. एका सकाळी रुक्माबाईनं भाकरी-ठेचा फडक्यात बांधून दिला, हँडलला एक हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "फाट्यापोस्तर गाडी तुम्हाला नेईल. पुढं तुम्ही गाडीला न्या."

ती असं बोलायची म्हणून जळबाला तिच्याबद्दल फार आदर होता. तिचं बहुतेक खरं व्हायचं.

फाट्यापर्यंत फटफटी खरोखर चालली. सेनगावच्या पुढं एक एसटी मागून आली, त्याच्या बाजूला येऊन हळू झाली आणि सगळे प्रवासी त्या एका बाजूच्या खिडक्यांत जमा झाले. ड्रायव्हर ओळखीचा होता. त्यानं मान बाहेर काढून विचारलं, "काय कंडक्टर, सोयाबीन फवारून राहिले का रस्ता?" जळबानं राजासारखा हात हलवला. हात हलवल्यामुळं तो खड्ड्यात गेला, पण तोवर एसटी पुढं निघाली होती.

फाट्यावरून चढ लागला. किसणीनं टायर किसायला सुरुवात केली. मागं रबराचा वास, काळी भुकटी आणि इंजिनचं रडणं. जळबा पायडल मारत होता, इंजिन ओरडत होतं आणि दोघं मिळून चालत्या माणसाच्या चालीनं वर निघाले होते. डोक्यावर सरपण घेतलेली एक म्हातारी त्यांना मागं टाकून पुढं गेली. अर्ध्या चढावर इंजिन बंद पडलं. जळबा उतरला आणि ढकलू लागला. सायकल नुसती असती तर हलकी होती. इंजिनासकट ती रेड्यासारखी जड झाली होती. चालायला त्रास नको म्हणून जे बनवलं, ते ढकलत न्यायला चालण्याच्या दुप्पट त्रास, हा हिशेब त्याला तिथं चढावर कळला. तो एका दगडावर बसून स्वतःशीच म्हणाला, "जळबा, तू पाशिंजर बराच होतास."

तांडा दिसू लागला तशी त्याला लाज वाटली. ढकलत ढकलत कसं जायचं? निदान शेवटचं थोडं अंतर तरी फटफट वाजवत दिमाखात जावं. तांड्याच्या तोंडाशी बाभळीखाली गाडी उभी करून तो दोरी ओढू लागला. फुर्रर... फुस. फुर्रर... फुस. ऊन चढलं. सदरा अंगाला चिकटला. चार-दोन माणसं जमली आणि बघत उभी राहिली. जळबा ओढतच राहिला.

बाभळीपासून तिसरंच घर अमरसिंगचं. आतल्या अंधाऱ्या खोलीत बाजेवर पडलेल्या अमरसिंगला तो आवाज ऐकू येत होता. एकदा, दोनदा, दहादा. ज्यानं सगळी हयात इंजिनांत काढली त्याला हे ऐकवेना. कुणीतरी एका चांगल्या इंजिनचा गळा दाबतंय असं त्याला वाटत होतं.

शेवटी तो बाजेवरून उठला, भिंत चाचपत दारात आला, दारातून अंगणात आला आणि ओरडला, "कोण हाय रे तो? कोण इंजन मारून राहिला? असं ओढतात का?"

जिवनबाई चुलीपुढून धावत बाहेर आली आणि नवऱ्याला अंगणात उभा बघून जागच्या जागी थांबली. तिनं तोंडावर हात ठेवला.

"अमरसिंग, मी हाय," जळबा म्हणाला.

अमरसिंगनं मान वाकडी करून आवाजाच्या दिशेनं पाहिलं. त्याचे डोळे दुधाळ झाले होते. दाढी वाढली होती. "जळबा? तुला कोणी आणलं?"

"मीच आलो. माझी गाडी घेऊन."

"गाडी?" अमरसिंग एक पाऊल पुढं आला. जळबानं त्याचा हात धरून बाभळीखाली नेला. अमरसिंगनं हातानंच सगळं चाचपलं, इंजिन, दोरी, हँडब्रेक, किसणी. किसणीला बोट लागताच त्यानं हात झटकला.

"प्लगात कचरा हाय," त्यानं निकाल दिला.

"कचरा नसंल. हवा अडकली असंल," जळबा म्हणाला. हवा अडकते म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. अमरसिंग बसमध्ये असं म्हणायचा, म्हणून म्हणाला.

"तुला काय कळतं? तू तिकिटं फाडणारा."

"माझी गाडी हाय ना?"

"गाडी तुझी असंल. इंजनाचा आवाज माझ्या वळखीचा हाय."

दोघांनी प्लग काढला, फुंकला, सदऱ्याला पुसला, बसवला. नळी काढली, चोखली, थुंकले, बसवली. एकमेकांना शिव्या दिल्या. सकाळची दुपार झाली. जिवनबाई चहा घेऊन आली, दोघांच्या मधे वाकली, टाकीचं झाकण फिरवलं आणि आत बघून म्हणाली, "यात तेलच न्हाई."

मग जळबा म्हणाला, "ड्रायव्हर असून टाकी बघितली न्हाईस?"

"मला दिसत न्हाई. तुला काय झालं व्हतं?"

आणि दोघं तिथं मातीत बसून हसायला लागले. अमरसिंगच्या हसण्यात मधे मधे रडण्यासारखा आवाज येत होता. जळबानं तिकडं लक्ष न दिल्यासारखं केलं आणि चहाची बशी त्याच्या हातात दिली.

तांड्यावरच्या दुकानातून बाटलीत पेट्रोल आलं. दोघांनी जेवण केलं, रुक्माबाईचा ठेचा अमरसिंगनं बोटं चाटून संपवला. मग तो हळूच म्हणाला, "जळबा, मला येकडाव चालवू दे."

"तुला दिसत न्हाई ना."

"सावल्या दिसतात. अन् तू हायेस की सांगायला. घाटात धुक्यात गाडी मागं घेताना मला काय दिसायचं? तू खाली उतरून सांगायचा अन् मी घ्यायचो."

जळबानं जिवनबाईसाठी इकडंतिकडं पाहिलं. ती भांडी घासायला मागं गेली होती. नाहीतर पुढचं काही झालंच नसतं. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली ड्रायव्हरची सीट त्यानं एका दिवसात सोडली. मनात क्षणभर कळ आली, पण अमरसिंगनं हँडलवर हात ठेवले तेव्हा त्याच्या खांद्यांना आलेला जुना ड्रायव्हरी बाक बघून ती गेली. अडचण एकच, मागं इंजिन असल्यामुळं बसायला जागा पुढच्या दांडीवरच होती. तेव्हा साठीला टेकलेला जळबा कंडक्टर, नव्या नवरीसारखा तिरपा, दांडीवर बसला.

दोरी ओढली. या वेळी इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

"येऊ द्या... येऊ द्या..." जळबाच्या तोंडून जुनी भाषा आपोआप निघाली. "डावीकडं... जरासं... बस... सरळ. म्हैस हाय, म्हैस हाय... गेली म्हैस. सरळ."

अमरसिंग खरोखर सुरेख चालवत होता. सांगितलं की हँडल तेवढंच वळायचं, ना कमी ना जास्त. जळबा तर विसरूनच गेला की मागच्या माणसाला दिसत नाही. तांड्याच्या पाठीमागचा उतार आला. अमरसिंगनं पेट्रोलची दांडी ओढली. त्याच्या तोंडून एक जुनी बंजारा ओळ निघाली, घाट उतरताना तो गुणगुणायचा तीच.

उताराच्या तळाशी तांड्यावरच्या पेमाचं शेत होतं. तिथं हळद शिजवून, वाळवून झाली होती आणि ट्रॅक्टरवर चालणारं पिंप तिला घासून पॉलिश करत होतं. पिंपाच्या बाजूला पिवळ्या भुकटीचा हा मोठा ढीग पडला होता.

"अमरसिंग, आता थांबव."

"कसं थांबवायचं?"

हे सांगायचंच राहिलं होतं. "बटण हाय... हँडब्रेकला... दाब!"

"न्हाई दाबून राहिलं. तू घंटी मार. तुझ्या घंटीबिगर मी कधी थांबलो का?"

हा विनोद होता की सवय, हे जळबाला कधीच कळलं नाही. पण त्या घाईत त्याला घंटी हाच एकमेव उपाय वाटला. घंटी सायकलला नव्हती, म्हणून तो तोंडानंच ओरडला, जीव खाऊन ओरडला, "टिंग! टिंग!"

एक घंटी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. अमरसिंगच्या हातानं आयुष्यभर केलं तेच केलं. पेट्रोल वाढवलं.

पेमानं नंतर सगळ्यांना सांगितलं की दोन म्हातारे, एक दुसऱ्याच्या कुशीत, टिंगटिंग ओरडत वरून आले आणि हळदीच्या भुकटीत शिरले. पिवळा धुरळा एवढा उडाला की थोडा वेळ ट्रॅक्टरसुद्धा दिसेना. धुरळा बसला तेव्हा दोघं ढिगात शेजारी शेजारी बसलेले होते, डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. इंजिन बाजूला पडून अजून फटफटत होतं. पेमानं जाऊन त्याची कळ बंद केली.

"अमरसिंग, लागलं का?"

"न्हाई. तुला?"

"मलाबी न्हाई."

"म्हातारपणी परत लगीन लावायचं व्हतं तं आधी सांगायचं," पेमा म्हणाला. "हळद घरून पाठवली असती."

तोवर वरून जिवनबाई धावत आली होती. नवऱ्याला बोलायचं ते ती त्यांच्या भाषेत बोलली आणि जळबाला बोलायचं ते मराठीत. दोन्ही बराच वेळ चाललं. मग ती पिवळ्या नवऱ्याचा चेहरा पदरानं पुसायला लागली. अमरसिंग हलला नाही. तिचा हात डोळ्यांवर आला तेव्हा त्यानं तो धरला आणि म्हणाला, "जिवन, डाक्टरला कधी दाखवायचं म्हणालीस?"

तिनं जळबाकडं पाहिलं.

"न्हाई म्हंजे," अमरसिंग म्हणाला, "या येड्यानं दोन घंट्या मारल्या. मला दिसत असतं तं मी थांबलो असतो. अशा कंडक्टरच्या भरवशावर किती दिवस काढायचे?"

सायकलचं पुढचं चाक आठासारखं वाकलं होतं आणि मागच्या टायरची जाळी झाली होती. ती तांड्यावरच ठेवून जळबा पेमाच्या ट्रॅक्टरवर फाट्यापर्यंत आणि तिथून एसटीनं घरी आला. एसटीत त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. रुक्माबाईनं दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कडेला झाली. "आंघोळीचं पाणी ठेवते," एवढंच म्हणाली. पण पाणी ठेवताना चुलीपुढून तिचं हसणं त्याला ऐकू येत होतं.

ऑपरेशन हिंगोलीला झालं, आधी एका डोळ्याचं. जळबा सोबत होता. आत जाताना अमरसिंगनं त्याचा हात इतका घट्ट धरला होता की नर्सबाईंनी विचारलं, नेमकं कोणाचं ऑपरेशन आहे. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "काहीच न्हाई रे. मुंगी चावल्यासारखं बी न्हाई." आणि जे जे वाट बघत बसले होते त्या सगळ्यांना धीर देत सुटला.

पट्टी निघाल्यावर जीपनं तिघं तांड्यावर आले. अमरसिंग काळा चष्मा लावून ऐटीत उतरला, अंगणात आला आणि भिंतीजवळ थबकला. तिथं फटफटी टेकवून ठेवली होती, पिवळी, वाकडी, कॅरियरवर पंप, पंपाखाली किसणी, बाजूला जीपचा हँडब्रेक.

"हे काय हाय?"

"आपली गाडी," जळबा म्हणाला.

अमरसिंगनं चष्मा वर केला. तो तिच्याभोवती एक पूर्ण फेरा फिरला. मग दुसरा. "ह्याच्यावर तू पुसेगावहून आलास?"

"व्हय."

"अन् ही मी चालवली? उतारावर?"

"व्हय."

"बरं झालं मला दिसत नव्हतं," अमरसिंग म्हणाला. "दिसलं असतं तं मी खोलीतून भायेर आलोच नसतो."

जिवनबाई आत चहा ठेवायला गेली. अमरसिंग गाडीपुढं उकिडवा बसला, वाकलेल्या चाकाची एकेक तार बोटानं वाजवून पाहिली आणि मग, दुरुस्तीला सुरुवात कुठून करायची ते बघायला, ब्रेकची तार जराशी ओढली. ती त्याच्या हातातच आली.